उंची कमी असली तर दुचाकीवर पाय कसे ठेवावेत?



आपल्या लोकांची उंची बेताची. कोकणातून आलेल्या आपल्या आज्या-पणज्या पाच फुटांच्या आतबाहेर असत. इथे जन्मलेली पिढी त्यांच्यापेक्षा उंच निघाली, तरी बहुतेक घरांत एखादी मुलगी, एखादा मुलगा एक मीटर पंचावन्नच्या आतच थांबतो. हीच मुले आता कातनोआवर किंवा ओफानोआवर कामाला जातात. बसची वाट पाहायला त्यांना वेळ नसतो आणि शहरात मोटार उभी करायला जागा नसते.

गुडघेदुखीवर या सदरात लिहिले तेव्हापासून मला अशा मुलांच्या आयांचे फोन येतात. तक्रार साधारण एकच असते. "सिस्टर, तिचे पाय जमिनीला पुरत नाहीत. संध्याकाळी घरी येते ती डावा पाय चोळतच. तुम्ही तिला सांगा, हे आपले काम नव्हे." मी तसे सांगत नाही. हाडांच्या वॉर्डात मी बरीच वर्षे काढली आहेत, दुचाकीवरून पडलेले पुष्कळ लोक पाहिले आहेत, आणि भीती मलाही वाटते. पण मुले आपले ऐकून गाडी सोडत नाहीत. मग त्यांना निदान गाडीवर नीट बसता यावे, हे बरे.

वॉर्डात येणारे सगळेच काही वेगाने जाऊन आपटलेले नसत. काही जण तर रमझोरजवळ गाडी थांबवताना पडलेले असत. पाय टेकला, तो नीट टेकला नाही, गाडी कलली आणि तिचे सगळे वजन घोट्यावर आले. साधी कातनोआसुद्धा १३० किलोच्या आसपास असते. घोट्याचे हाड मोडले की पट्टी, स्क्रू आणि पुढे साधारण सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याला सहा आठवडे म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पायांची दोन घरे

दुचाकीवर पायाला दोन घरे असतात. गाडी थांबली की जमीन आणि गाडी चालू लागली की फूटरेस्ट. कमी उंचीची माणसे फक्त पहिल्या घराचा विचार करतात. दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत एवढेच बघून गाडी घेतात किंवा सीट खाली करून घेतात. पण सीट खाली आली आणि फूटरेस्ट होते तिथेच राहिले, तर गुडघा जास्त दुमडतो. जमिनीवर टेकणे काही सेकंदांचे, फूटरेस्टवर बसणे तासाभराचे. एका घराला दिले की दुसऱ्या घराचे जाते. दोन्हींचा मेळ घालायचा हे एवढे लक्षात ठेवले, तर पुढचे सगळे सोपे आहे.

आधी पायाची लांबी मोजा

एकूण उंचीपेक्षा पायाची लांबी महत्त्वाची. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर नेऊन सायकलच्या सीटसारखे घट्ट धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. समजा ते ७० सेंटीमीटर आले. आता गाडीच्या कागदावर सीटची उंची बघा. होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिलिमीटरवर आहे, कावासाकी व्हल्कन एस ची ७०५ वर, रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० ची ७६५ वर, आणि यामाहा एक्समॅक्स ३०० ही कातनोआ असूनही तिची सीट ७९५ वर आहे. म्हणजे कातनोआ बुटकी आणि मोटारसायकल उंच, हा समज खरा नाही.

पण नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. सीट रुंद असली की मांड्या बाहेर फाकतात आणि तेवढा पाय वाया जातो. निमुळत्या सीटवर तोच पाय जमिनीला पोहोचतो. म्हणून विकत घेण्याआधी गाडीवर बसून बघा, आणि रोज जे बूट घालणार तेच घालून बसा.

थांबताना एक पाय पक्का

पायांची बोटे तेवढी टेकवून दोन्ही बाजूंना तोल सांभाळत बसणे धोक्याचे. बोटांवर उभे असताना घोटा डळमळतो. खाली बारीक खडी, तेलाचा डाग किंवा पहिल्या पावसाचा निसरडा रस्ता असला, की तो घसरलाच. त्यापेक्षा एकच पाय टेकवा, पण चवडा आणि जमल्यास टाचही टेकवा.

हे कसे करायचे? थांबायच्या जरा आधी कंबर सीटवर किंचित डावीकडे सरकवा. डावी मांडी सीटच्या कडेवरून खाली येते आणि पाय काही सेंटीमीटर जास्त पोहोचतो. उजवा पाय फूटरेस्टवरच राहतो आणि मागचा ब्रेक दाबून धरतो. गाडी पूर्ण थांबेपर्यंत नजर समोर ठेवा. मान खाली घालून पायाकडे बघितले की गाडी त्याच बाजूला कलते. पाय आधीपासून लोंबकळत ठेवू नका. चालत्या गाडीचा पाय रस्त्यावर अडकला तर गुडघा पिळवटतो.

आणखी एक गोष्ट शिकवणारे सांगतातच असे नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता साधारणपणे मधे उंच आणि कडेला उतरता असतो. इस्राएलात आपण उजव्या बाजूने चालतो, त्यामुळे आपल्या डाव्या पायाखालची जमीन किंचित वर असते. भारतात डाव्या बाजूने चालायचे, म्हणून तिथे डाव्या पायाखालची जमीन खाली जाते. इथे आरामात पाय टेकणारा मुलगा सुट्टीत अलिबागला नातेवाइकांची मोटारसायकल घेतो आणि थांबताना एकदम पोकळीत पाय टाकल्यासारखे त्याला वाटते, त्याचे कारण हे. तिथे थांबण्यापूर्वी जमीन बघून घ्यावी.

हैफात किंवा यरुशलाइममध्ये चढावर थांबावे लागले तर उजवा पाय ब्रेकवरून मुळीच काढू नका. क्लच सोडताना गाडी पुढे ओढू लागली की मगच ब्रेक सैल करा. गाडी आडव्या उतारावर उभी करायची असेल, तर पाय नेहमी वरच्या बाजूला टेकवावा. खालच्या बाजूला जमीन आपल्या अंदाजापेक्षा लांब असते.

चालू गाडीत चवडा, टाच आणि गुडघा

फूटरेस्टवर पाय ठेवण्याच्या दोन जागा आहेत. शहरात, जिथे सारखे गिअर आणि ब्रेक लागतात, तिथे तळव्याची कमान फूटरेस्टवर आणि बोटे लिव्हरजवळ. मोकळ्या रस्त्यावर पाय किंचित मागे घेऊन चवडा फूटरेस्टवर. चवड्यावर पाय असला की घोटा स्प्रिंगसारखा हलतो, खड्ड्याचा धक्का घोटा आणि पोटरी झेलतात, तो थेट कंबरेपर्यंत जात नाही. पण ब्रेक पटकन लागेल अशा ठिकाणी पाय परत पुढे आणावा. दर थोड्या वेळाने या दोन जागा बदलत राहिल्या तर पाय अवघडत नाही.

बोटे समोर ठेवा. बदकासारखी बाहेर काढलेली बोटे वळणावर गाडी कलली की रस्त्याला घासतात, आणि खुब्यालाही ताण येतो. गुडघे टाकीला हलके लागलेले असावेत, आवळलेले नसावेत.

गुडघा किती दुमडावा, ते घरीच कळते. जेवणाच्या खुर्चीवर बसा. पाय जमिनीवर असताना गुडघ्याचा साधारण काटकोन होतो. आता पायांखाली दोन जाड पुस्तके ठेवा आणि वीस मिनिटे तसेच बसा. गुडघे वर आले, मांडी सीटवरून उचलली गेली, सगळा भार बैठकीच्या हाडांवर आला, कंबर मागे वाकली. सीट फार खाली केलेल्या गाडीवर नेमके हेच होते. गुडघा काटकोनापेक्षा जास्त आवळून बराच वेळ ठेवला की वाटीच्या हाडावर दाब वाढतो. जिना उतरताना ज्यांचा गुडघा कुरकुरतो त्यांना तो लगेच जाणवेल.

याच्या उलट क्रूझर गाड्या. सीट खाली असते म्हणून कमी उंचीची माणसे खूश होतात, पण काहींचे फूटरेस्ट फार पुढे असतात. आखूड पाय तिथपर्यंत पोहोचवण्यासाठी माणूस सीटवर पुढे घसरतो, कंबर गोल होते, आणि खड्डा आला की धक्का सरळ मणक्यात. अशांनी फूटरेस्ट साधारण गुडघ्यांच्या खाली येतील अशी गाडी बघावी. व्हल्कन एस मध्ये फूटरेस्ट मधल्या जागेपासून अडीच सेंटीमीटर पुढे किंवा मागे बसवता येतात. विकणाऱ्याने न विचारता सांगितले नाही, तर आपण विचारावे.

गिअर आणि ब्रेक आपल्या पायाला जुळवा

ज्यांची उंची कमी त्यांचे पाऊलही बहुधा लहान. गिअरचा लिव्हर मात्र सरासरी पावलाच्या मापाने बसवलेला असतो. मग माणूस पाय पुढे सरकवत सरकवत टाच फूटरेस्टवर आणून ठेवतो आणि दिवसभर बोटांनी लिव्हर शोधत राहतो. संध्याकाळी चोळावा लागणारा डावा पाय बहुधा हाच.

आजच्या गाड्यांत गिअर डाव्या पायाला असतो. पहिला गिअर खाली दाबून, पुढचे वर उचलून. जुन्या बुलेटवर गिअर उजवीकडे होता आणि व्हेस्पा-लॅम्ब्रेटाला तो हातातच होता, हे आपल्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. वर उचलण्याचे काम नडगीच्या पुढचा स्नायू करतो. लिव्हर फार वर असला की पाऊल सतत वर वाकवावे लागते आणि नडगी भरून येते. फार खाली असला की बोटे त्याच्याखाली घालायला पाऊल खाली दाबावे लागते, तेव्हा पोटरी आणि तळव्याची कमान दुखते. तळवा फूटरेस्टवर सरळ ठेवून, टाच न उचलता बुटाचे टोक लिव्हरखाली सहज जावे, ही योग्य उंची.

लिव्हरची उंची बदलणे हे मुसाखमधले दहा मिनिटांचे काम. पुष्कळ गाड्यांत लिव्हरला एक दांडी जोडलेली असते, तिचे नट सैल करून लांबी कमी-जास्त करतात. काहींत लिव्हर काढून एक दाता फिरवून परत बसवतात. ब्रेकचा पेडलही असाच खाली-वर होतो. तो फार वर असेल तर उजवे पाऊल अधांतरी धरावे लागते आणि नकळत ब्रेकवर टेकून राहते. पेडल हलवल्यावर मागचा लाल दिवा तपासायला सांगा. त्याचे बटण जुळवले नाही तर दिवा सतत जळत राहतो किंवा लागतच नाही.

कातनोआवर

आजच्या बहुतेक कातनोआंना गिअर नाही आणि दोन्ही ब्रेक हातात, म्हणून पाय मोकळे. पण मोकळे म्हणजे बाहेर लोंबकळणारे नव्हेत. दोन्ही तळवे पाटावर सपाट, टाचा आत. मोठ्या कातनोआंत मधे उंचवटा असतो आणि पाट रुंद असतो. त्यामुळे थांबताना पाय बाहेरून वळसा घालून खाली न्यावा लागतो. अशा गाडीवर सीटच्या पुढच्या निमुळत्या भागाकडे सरकून थांबावे. पाटावर पिशवी ठेवू नका. पाय ठेवायला जागा उरत नाही आणि ऐन वेळी तो अडकतो.

सीट खाली करण्याआधी

आधी विना-खर्चाचे उपाय करा. हलक्या वजनाच्या माणसाखाली गाडीची स्प्रिंग कमी दबते, म्हणून त्याला गाडी उंच वाटते. बऱ्याच गाड्यांत मागच्या स्प्रिंगचा ताण पान्याने कमी करता येतो. मागे कोणी बसणार असेल तेव्हा तो परत वाढवायचा. त्यानंतर सीटचा पुढचा भाग कारागिराकडून निमुळता करून घ्या. फोम सगळीकडून पातळ करण्यापेक्षा याचा फायदा जास्त, कारण पाय सरळ खाली जातात आणि गुडघा आहे तसाच राहतो.

गाडीच खाली बसवून घेतली तर साइड स्टँड तिला लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. हेडलाइटचा झोत बदलतो, वळणावर फूटरेस्ट लवकर घासतात. शिवाय असा बदल वर्षाच्या टेस्टला आणि विम्याला चालतो का, हे काम करून घेण्याआधी विचारावे.

पायात काय घालावे

उन्हाळ्यात सँडल आणि क्रॉक्स घालून गाडी चालवणारे रोज दिसतात. घसरणाऱ्या चपलेत कमी उंचीच्या माणसाचा एकुलता टेकलेला पाय सटकतो. घोटा झाकणारा, न घसरणाऱ्या तळाचा बूट घ्या. दोन-तीन सेंटीमीटर जाड तळ असेल तर उंचीला मदत होते, पण मग लिव्हर पुन्हा जुळवून घ्या. नाड्या बुटाच्या आत खोचा. आमच्या वॉर्डात एक तरुण आला होता, त्याची नाडी गिअरच्या लिव्हरला गुंडाळली गेली होती. रमझोरला थांबला, पाय निघालाच नाही, आणि उभ्या गाडीसकट तो आडवा झाला.

सायलेन्सरपासून पोटरी जपा. मागे बसणाऱ्यांना उतरताना हमखास चटका बसतो. भाजले तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, कॉफी काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कपड्याने झाका. भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांना कधी कधी चटका कळतच नाही. त्यांनी घरी आल्यावर दोन्ही पाय डोळ्यांनी तपासावेत.

दुखणे काय सांगते

फक्त डावी नडगी दुखते तेव्हा गिअरचा लिव्हर तपासा. फक्त उजवी दुखते तेव्हा ब्रेकचा पेडल. दोन्ही गुडघे पुढून दुखतात तेव्हा सीट आणि फूटरेस्ट फार जवळ आहेत. कंबर दुखते तेव्हा फूटरेस्ट फार पुढे आहेत किंवा आपण पुढे घसरून बसतो. मांडीखाली मुंग्या येतात तेव्हा सीटची कड रुतते आहे.

लांबच्या प्रवासात, समजा एलातला निघालात, तर तासाभराने उतरा. पाच मिनिटे चाला आणि वीस वेळा टाचा उचला. पोटरीचा स्नायू आखडला-सुटला की तो पायातले रक्त वर ढकलतो. एकाच जागी बसून ते काम थांबते.

पण काही गोष्टी गाडीवर ढकलू नका. बधिरपणा उतरल्यावरही जात नसेल, पाऊल वर उचलता येत नसेल आणि चालताना बोटे घासत असतील, तर गुडघ्याजवळ किंवा कंबरेत मज्जातंतू दबलेला असू शकतो. कुपात होलिमच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखले तर वाट न पाहता १०१ फिरवा.

आयांनो, "गाडी सोड" असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा एकदा मुलाबरोबर खाली जा. गाडी बंद ठेवून त्याला बसायला सांगा. टेकलेला पाय पक्का आहे का, गुडघा काटकोनापेक्षा जास्त आवळला आहे का आणि बोटे लिव्हरखाली सहज जातात का, या तीन गोष्टी बघा. तिन्ही जुळत असतील तर तुमची अर्धी काळजी मिटली. उरलेली अर्धी आईचीच असते. तिच्यावर औषध नाही.

तब्येतीला जपा.